सूचक कोण?

पंचवटीतल्या आमच्या मठाचे कारकून बैठकीतला प्रत्येक ठराव लिहून घेत आणि चष्मा कपाळावर सरकवून विचारत, "सूचक कोण? अनुमोदक?" अनुमोदक बहुधा मीच असे. आम्ही विश्वस्त त्यांना हसायचो.

संस्कारवर्गातल्या एका मुलीने महाराजांबद्दल सांगितलं, त्या दिवशी कुणी हसलं नाही. अध्यक्ष म्हणाले, "घरातलं घरात मिटवू. पोलीस नकोत."

कारकुनांनी लिहून वाचून दाखवलं, "मुलीवरील अत्याचार पोलिसांना कळवू नये. सूचक कोण?"

"अहो, हे लिहायचं नसतं!" अध्यक्ष म्हणाले.

"न कळवणं गुन्हा आहे, साहेब. नाव लागेल."

कारकुनांनी सूचकाची जागा कोरीच ठेवली. त्यांनी वही काखेत मारली. "मग मीच कळवतो."

पोलीस ठाण्याकडे निघताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना अनुमोदन द्यायला सवयीने वर गेलेला हात मी नुकताच खाली घेतला होता.