शनिवार-रविवारचं पाणी

माझ्या बायकोच्या दोन्ही किडन्यांनी काम सोडलं, तेव्हा मला कॉलेजातून निवृत्त होऊन वर्षच झालं होतं. सगळी नोकरी प्रयोगशाळेत परिचर म्हणून गेली. निरोपाच्या दिवशी शाल-श्रीफळाबरोबर मी काचेचं एक मोजपात्रही घरी आणलं, कुणाला न विचारता. कशाला आणलं ते मलाही ठाऊक नव्हतं. मग डॉक्टरांनी सांगितलं, दिवसाला सातशे मिली पाणी, चहा धरून, आणि त्या मोजपात्राला काम मिळालं.

रोज सकाळी सातशे मिली मोजून मी तिची बाटली भरायचो. बाटली संपली की दिवस संपला. ती म्हणायची, "माझं प्रॅक्टिकल घेताय का तुमी?" मीही म्हणायचो, "हो, आणि नापास झालीस तर परत परीक्षा नाही." असली उत्तरं तेव्हा मला फार सुचायची.

सोमवारी आणि गुरुवारी आम्ही केजहून जीपनं अंबाजोगाईला डायलिसिसला जायचो. मशिनला लावायच्या आधी वजन करतात. प्यालेलं पाणी अंगात साचतं, ते काट्यावर दिसतं. काट्यापुढं लपवाछपवी चालत नाही.

ऑर्किड आणलं पुण्याच्या लेकीनं. आईला बघायला आली तेव्हा जांभळ्या फुलांची ती कुंडी मांडीवर धरून एसटीनं आली. महिन्याभरात फुलं गळाली, पानं लुळी पडली. बायको म्हणाली, "टाका तिकडं. आपल्या इथं बाभळ जगंल, हे न्हाई." पण मी हट्टाला पेटलो. मोबाईलवर एक व्हिडिओ सापडला, मातीशिवाय नुसत्या पाण्यावर ऑर्किड वाढवायचा. झाड कुंडीतून उपटलं, मुळं धुतली, कुजकी कापली. कापलेल्या जागी दालचिनीची पूड लावायची होती, ती तिच्या मसाल्याच्या डब्यातून घेतली आणि त्याबद्दल बोलणीही खाल्ली. काचेची लोणच्याची बरणी रिकामीच होती, कारण मिठापायी घरातलं लोणचं बंद झालं होतं. तिच्या तोंडावर झाड बसवलं, मुळं आत सोडली. उन्हाची झळ लागू नये म्हणून बरणी आतल्या खोलीत, बायकोच्या खाटेशेजारच्या खिडकीत ठेवली. जागा मीच निवडली.

पद्धत अशी होती की मुळं दोन दिवस पाण्यात ठेवायची आणि पाच दिवस कोरडी. कायम पाण्यात राहिली तर कुजतात. मी शनिवार-रविवार हे पाण्याचे दिवस ठरवले. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे माझ्यासारखंच हाय की ते. जगवायचं म्हणून तहानेलं ठेवायचं." मी हसलो. त्यात हसण्यासारखं काय होतं, आता आठवत नाही.

शनिवारी सकाळी फिल्टरचं पाणी भरून मी बरणीवर पेनानं रेघ मारायचो. पहिल्याच रविवारी संध्याकाळी पाणी रेघेच्या तीन बोटं खाली गेलेलं. उन्हाळा होता, मला वाटलं झाडानं जीव धरला. पुढच्या रविवारी चार बोटं. मी लेकीला फोन लावला, शेजाऱ्यांना बोलावून रेघ दाखवली. "लई पाणी पितंय," सगळ्यांना सांगत सुटलो. बायको भिंतीकडं तोंड करून पडलेली असायची.

त्याच सुमारास सोमवारचं वजन वाढायला लागलं. गुरुवारी ठीक, सोमवारी जास्त. तिथल्या सिस्टर म्हणाल्या, "काका, सोमवारीच कावून वाढतंय? पाणी कोण देतंय?" मी मोजपात्राची शपथ घेऊन सांगितलं की सातशेच्या वर थेंब जात नाही. जिन्याच्या दोन पायऱ्या चढताना बायको धापा टाकायची, पाय सुजायचे, आणि मी वरणातलं पाणी मोजत बसायचो. तीस वर्षं मुलांना नोंदी नीट करा म्हणून ओरडलो, आणि शनिवार-रविवारनंतर सोमवार येतो एवढं माझ्या ध्यानात आलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

फूल यावं म्हणून पाण्यात खत घालायचं मनात आलं. ती एकदम म्हणाली, "त्यात काई टाकू नका. साधं पाणीच असू द्या." झाडाच्या बाबतीत हिचं एवढं ठाम मत पहिल्यांदाच ऐकत होतो. पण मी ऐकलं नाही. शेजारी शेतात ठिबकमधून एकोणीस-एकोणीसचं खत सोडतात, त्यातलं चिमूटभर मागून आणलं आणि शनिवारी बरणीत टाकलं. रविवारी संध्याकाळी पाणी उतरलेलं बघून मी मोठ्या ऐटीत म्हणालो, "बघ, खत घातलं तरी पितंय."

ती उठून बसली. "कवा टाकलं?"

"काल सकाळी."

"अहो, मी पेले की ते."

मला आधी समजलंच नाही. मग तिनंच सांगितलं. मी बाजाराला गेलो की ती झाड वर उचलायची, बरणी तोंडाला लावायची, झाड परत बसवायची. पहिल्या शनिवारपासून.

मी भयंकर ओरडलो. नारळपाणी बंद, केळं बंद, ते पोटॅशियमपायी. ते हिच्या रक्तात साचलं तर काळीज बंद पडतं, आणि खतात तेच असतं. दुसऱ्या दिवशी अंबाजोगाईला रक्त तपासलं. तेवढ्यानं काही होत नसतं, डॉक्टर म्हणाले. परतताना जीपमध्ये मी म्हणालो, "मला मागायचं होतंस."

"मागितलं असतं तर दिलं असतं?"

"नसतं."

"मग?" ती म्हणाली, "तुमी मोजून देता ते औषध वाटतंय. त्या बरणीतल्या पाण्याला मुळ्यांचा वास यायचा. माहेरी दिंद्रुडला लहानपणी पाटाला तोंड लावून प्यायचो आमी, तसला."

घरी आल्यावर मी बरणी उचलली आणि कपाटावर ठेवली, तिचा हात पोचणार नाही अशी. ती बघत होती. भांडली असती तर बरं झालं असतं.

सोमवारचं वजन बरोबर यायला लागलं. सिस्टरांनी शाबासकी दिली, मला. पण श्वास काही सुधारला नाही. काळीज आधीच थकलंय, डॉक्टर म्हणाले, आता फारसं हातात नाही. तरी मी सातशेला सातशे मोजत राहिलो. शेवटच्या आठवड्यात तिनं कपाटाकडं बघत विचारलं, "आज शनिवार हाय का हो?"

"नाही," मी म्हणालो. "बुधवार आहे."

शनिवार होता. सकाळीच मी स्टुलावर चढून बरणी भरली होती.

ती मंगळवारी गेली. बाटलीत शंभरेक मिली पाणी उरलं होतं.

बरणी आता परत खिडकीत आहे. झाड मेलं नाही, फुललंही नाही. दोन लुळी पानं धरून आहे. शनिवारी मी ती साध्या पाण्यानं काठोकाठ भरतो, सवयीनं रेघ मारतो आणि घराला कुलूप लावून बाजारात जातो. गरज नसली तरी वेळ काढून येतो. रविवारी संध्याकाळी बघतो, तर पाणी रेघेला लागलेलंच असतं.