रदियाचा एक्केचाळिसावा होकार

रदिया त्रिकी माझ्या शेजारच्या टेबलावर सतरा वर्षं बसली. ट्युनिशियात स्फाक्सला, बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर, खाली हरभऱ्याचं गरम सूप, लबलाबी, विकणारा आणि वर आम्ही अकरा जण, एवढीच आमची कंपनी. डायलिसिस केंद्रांत पाणी शुद्ध करणारी जी यंत्रणा असते, ती चालवणारा प्रोग्राम आम्ही लिहितो. मी त्याची माहितीपुस्तकं लिहिते. रदिया त्यातल्या चुका शोधायची.

त्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. डीबगर लावून ती चालता प्रोग्राम मध्येच गोठवायची, आत कुठला आकडा कुठे आहे ते बघायची, मग एक पाऊल पुढे, पुन्हा थांब. तासन्‌तास. चूक सापडली की खुर्ची मागे ढकलायची आणि म्हणायची, "ही बघा, इथे लपली होती." बावन्न वर्षांची, विधवा, मुलगी लग्न होऊन फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गला गेलेली. ऑफिस हेच तिचं घर होतं म्हटलं तरी चालेल.

डीबगर एआय सहाय्यकाच्या हाती द्यावा, हा हट्ट लस्सादचा. लस्साद बत्तीस वर्षांचा इंजिनियर, रदियाच्याच हाताखाली शिकलेला, तिला आदराने ‘लल्ला’ म्हणणारा. आमचे मालक नजीब, ज्यांना आम्ही मानाने सी नजीब म्हणतो, ते तयार नव्हते.

"दवाखान्याचं काम आहे हे. उद्या त्याने काही भलतंच केलं तर तुरुंगात तू जाणार का?"

"सी नजीब, तो परस्पर काहीच करणार नाही. प्रत्येक पाऊल टाकायच्या आधी विचारेल. आपण हो म्हटलं तरच पुढे. आणि त्याला द्यायची ती चाचणीची प्रत, खरा प्रोग्राम नाही."

सी नजीबनी रदियाकडे पाहिलं. रदिया म्हणाली, "करून बघू. माझे डोळेही आता थकतात." तिच्या शब्दावर परवानगी मिळाली.

मार्चमधली गोष्ट. शहरातल्या एका डायलिसिस केंद्रात पाण्याचा दाब अधूनमधून चुकीचा दिसत होता. रदियाने सकाळी सहाय्यकाला कामाला लावलं. तो विचारायचा, इथे थांबवू का? हा आकडा बघू का? पुढे जाऊ का? ती हो म्हणायची. सुरुवातीला प्रत्येक प्रश्न वाचत होती. दहाएक प्रश्नांनंतर नुसती कळ दाबल्याचा आवाज माझ्या कानावर येत होता. चाचणीच्या प्रतीत चूक काही दिसेना. केंद्रातल्या नोंदी आणायला म्हणून तिने वहीत लिहिलेला पत्ता घातला, आणि तो पत्ता खऱ्या प्रोग्रामचा होता. तिच्या ध्यानात आलं नाही. सहाय्यकाच्या मात्र आलं. त्याने विचारलं, ‘मी आता जोडलेला प्रोग्राम केंद्रात प्रत्यक्ष चालू असलेला दिसतो. तो थांबवला तर पाण्याचे पंप बंद पडतील. थांबवू का?’

रदियाने कळ दाबली आणि मला म्हणाली, "चल, लबलाबी संपायच्या आत खाली जाऊ."

आम्ही वीस मिनिटांनी वर आलो तेव्हा तिचा फोन टेबलावर थरथरत होता. केंद्रातली मुख्य नर्स वहीदा ओरडत होती, "पाणी बंद! सगळ्या मशिनी बोंबलतायत! चौदा माणसं जोडलेली आहेत माझ्याकडे!"

रदियाने पडद्याकडे पाहिलं. काय झालं ते तिला एका क्षणात कळलं. तिने थांबलेला प्रोग्राम पुन्हा चालू केला, पंप सुरू झाले. पण तोवर नर्सनी एकेकाचं रक्त परत शरीरात सोडून उपचार अर्ध्यावर तोडले होते. जीव कुणाचा गेला नाही. चौदाही जणांना दुसऱ्या दिवशी पुन्हा यावं लागलं, एवढंच. ‘एवढंच’ हा सी नजीबचा शब्द.

ते धावत आले. "कुणी केलं हे?"

रदियाचा चेहरा पांढराफटक पडला होता. ती म्हणाली, "सहाय्यकाने. न विचारता थांबवला."

मी शेजारीच उभी होते. सकाळभर ती टकटक ऐकलेली मी. मी पाण्याचा ग्लास उचलला आणि पाणी प्यायले. 

सी नजीब लस्सादवर तुटून पडले. "परस्पर काही करणार नाही म्हणत होतास ना? कुठे गेलं ते?" लस्साद गोंधळून रदियाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "लल्ला रदिया सांगतायत म्हणजे तसंच असणार." संध्याकाळपर्यंत सहाय्यक काढून टाकला गेला, लस्सादचं काम दुसऱ्याकडे गेलं. सी नजीबनी केंद्राला पत्र लिहिलं: दोष यंत्राचा होता, यंत्र हटवलं आहे.

पुढच्या आठवड्यात रदिया पंपांची तपासणी करायला केंद्रात गेली. तिथे करकेन्ना बेटावरचे एक म्हातारे मशीनला जोडलेले होते, सगळे ज्यांना अम्म, म्हणजे काका, म्हणतात ते अम्म शाझली. जन्मभर मासेमारीची जाळी विणलेला माणूस. दिवसाआड बोटीने येणारा.

"तूच ना गं ती, ते बिघडलेलं यंत्र काढून टाकणारी?" त्यांनी विचारलं. "अल्ला तुझं भलं करो, पोरी. त्या दिवशी माझी बोट चुकली. रात्र इथल्या बाकावर काढली. या वहीदाला मी वाटेल ते बोललो. बिचारीचा काय दोष? माफी मागितली मी तिची."

वहीदा हसत म्हणाली, "बोललात कसले, शिव्याच दिल्यात, अम्म शाझली."

"दिल्या. खोटं कशाला बोलू?"

रदिया मला नंतर म्हणाली, "ते हसत होते गं. आणि मी तिथे दाबाचे आकडे लिहीत उभी होते. एकच आकडा तीनदा लिहिला." केंद्राबाहेर आल्यावर तिने बस सोडून दिली आणि बंदरापर्यंत चालत आली. लोक आपल्याकडे बघतायत असं तिला वाटत होतं. बघत कुणीच नव्हतं.

सोमवारी सगळे जमले तेव्हा ती उभी राहिली. सहाय्यकाशी झालेला संवाद तिने छापून आणला होता. एक्केचाळीस प्रश्न होते, एक्केचाळीस होकार. शेवटचा प्रश्न तिने मोठ्याने वाचला. खालचं आपलं ‘हो’ही वाचलं, दोनदा.

"त्याने विचारलं होतं," ती म्हणाली. "मी वाचलं नाही. आणि मग तुमच्यासमोर खोटं बोलले."

सी नजीबनी डोक्याला हात लावला. "आता सांगून काय मिळवलंस? पत्र जाऊन दहा दिवस झाले!"

"दुसरं पत्र मी लिहीन. माझ्या नावाने."

"नोकरी जाईल तुझी, कळतंय का?"

"कळतंय."

मग ती लस्सादकडे वळली. काय बोलायचं ते तिने ठरवून आणलं असावं, पण लस्सादच आधी बोलला. "मला माहीत होतं, लल्ला. त्या संवादाची एक प्रत सर्व्हरवर राहते. मी त्याच दिवशी वाचली."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबलो होतो." तो खाली बघत होता. "पहिले तीन दिवस खात्री होती. नंतर नव्हती."

रदिया खुर्चीत बसली ती उठलीच नाही. दुपारी मी तिच्यासाठी पाव आणि मिरचीचा तिखट हरिसा आणला, तो तसाच राहिला.  ती निदान उभी राहून बोलली होती. मी अजून गप्पच होते. माझं गप्प राहणं मी तिला दोन दिवसांनी जिन्यात सांगितलं. ती म्हणाली, "तू ऐकत होतीस हे माहीत होतं मला, पण तुझ्यावर ओझं टाकायचं नव्हतं," आणि ते ऐकून मला जास्तच लाजल्यासारखं झालं.

नोकरी गेली नाही. पण चुका शोधणाऱ्या गटाचं प्रमुखपद तिने सोडलं. सी नजीबनी ते लस्सादला देऊ केलं, त्याने घेतलं नाही. जूनमध्ये तो नोकरी सोडून ट्यूनिसला गेला. सहाय्यक पुन्हा आला. आता खऱ्या प्रोग्रामचा रस्ताच त्याला उघडा नाही, आणि पंप थांबवण्यासारख्या प्रश्नाला नुसती कळ दाबून चालत नाही, ‘काय थांबणार आहे’ ते आपल्या शब्दांत लिहावं लागतं. ही अट रदियाने घातली. तरुण मुलं कुरकुरतात.

तिचं ते दुसरं पत्र पोचलं तेव्हाच वहीदाने केंद्रात सगळ्यांना वाचून दाखवलं होतं. चार दिवसांनी वहीदाचा फोन आला. रदियाने धीर करून विचारलं, "अम्म शाझली काही म्हणाले का?"

"ऐकून घेतलं त्यांनी.  मग म्हणाले, तिला सांग, त्या दिवशी मी फार घाबरलो होतो."

"आणखी?"

"आणखी काही नाही."