बुडालेल्या गावाची चार हजार कार्डं

सायमी वट्टुला यांनी हेलसिंकीतल्या एका बोलीकोशाच्या कचेरीत एकतीस वर्षं काढली. काम एकच: खेड्यापाड्यांतल्या माहितगारांनी टपालाने पाठवलेली कार्डं तपासून लाकडी खणांत लावायची. एका कार्डावर एक शब्द, त्याचा अर्थ आणि तो कोणाच्या तोंडून ऐकला त्याचं नाव. एक कार्ड बनावट निघालं की पाठवणाऱ्याची सगळी बाद. कचेरीतल्यांनाही एक बंधन होतं. उत्तर सुचवणारा प्रश्न विचारायचा नाही. ‘याला काय म्हणता?’ चालेल, ‘याला अमुक म्हणता का?’ चालणार नाही. म्हातारी माणसं भिडेखातर हो म्हणतात.

उत्तरेतल्या सुओवारा गावाची कार्डं निवृत्त पोस्टमन तावेत्ती पोक्का एकटाच पाठवी. १९६७ साली सुओवारा धरणात गेलं. पाणी सोडण्याआधी घरं जाळली. माणसं पांगली, मुलं शाळेतली भाषा बोलू लागली. गावची बोली उरली ती तावेत्तीच्या चार हजार तीनशे बारा कार्डांत.

तावेत्तीला एका शब्दाचं खूळ होतं. कुरू. त्याच्याकडे कुरू म्हणजे दोन डोंगरांमधली खोल, अरुंद घळ. कोश चाळून त्याने शोधलं होतं की तुर्कीत कुरू म्हणजे कोरडं, जपानीत येणं, आणि हिंदुस्थानात आपसात लढून संपलेलं एक घराणं. सगळी माणसं एकाच घळीतून निघाली आणि जाताना हा शब्द बरोबर घेऊन गेली, असं त्याचं म्हणणं. दर पत्रात गावचे वीस शब्द आणि चार पानं कुरू.

हा निव्वळ योगायोग आहे हे सायमीबाईंना ठाऊक होतं. तोंडातून निघणारे आवाज मोजके, भाषा हजारो. कुठे ना कुठे जुळणारच. तावेत्तीचा कुरू शेजारच्या सामी लोकांकडून आलेला. तुर्कांशी त्याचा काही संबंध नव्हता. पण तसं लिहिलं तर म्हातारा रुसेल आणि वीस शब्द बंद होतील. त्या लिहीत, ‘आपलं टिपण वाचून आनंद झाला.’

१९७४च्या मार्चमध्ये एक कार्ड आलं. कुरू: अंगाची थरथर. ऐकलं: आई, क्रीता पोक्का, मृत्यू १९३१.

बाईंनी थरथरीचा खण ओढला. त्यात तावेत्तीचंच १९५८चं कार्ड होतं: ‘वापिना. आई एवढंच म्हणे. दुसरा शब्द आमच्याकडे नाही.’ मग त्यांनी स्वतः तावेत्तीला पाठवलेल्या पत्रांच्या प्रती काढल्या. जानेवारीच्या प्रतीवर त्यांचीच सही होती. पापुआतल्या एका जमातीत माणसाला थरथरवून मारणाऱ्या आजाराला कुरू म्हणतात, हे त्यांनी मासिकात वाचलं होतं आणि म्हाताऱ्याला गंमत वाटेल म्हणून कळवलं होतं. शेवटची ओळ होती: ‘तुमच्याकडेही थरथरीला कुरू म्हणत का?’

शेजारच्या टेबलावरच्या इर्माने दोन्ही कार्डं वाचली.

“फाडा आणि कॉफी घ्या. कोणाला कळणार आहे?”

“मला कळलंय.”

“तुम्हाला कळलंय म्हणून अख्खं गाव दुसऱ्यांदा बुडवणार? धरणवाले बरे म्हणायचे, त्यांनी एकदाच बुडवलं.”

बाईंनी कार्ड फाडलं नाही. बाकीची कार्डं खरी असतील तर नियमाला अपवाद मागता येईल, असा त्यांनी विचार केला. रजा टाकून त्या रेल्वेने आणि मग बसने उत्तरेला गेल्या. धरणग्रस्तांसाठी बांधलेल्या चाळवजा घरांत तावेत्ती राहत होता. त्याने कॉफी आणि सुकवलेलं रेनडिअरचं मांस पुढे ठेवलं.

“एवढ्या लांब आलात बाई? राजधानीतली कॉफी संपली वाटतं!”

बाईंनी कार्ड टेबलावर ठेवलं. त्याने ते उचलून वाचलं.

“तुम्हाला हवं होतं ना? तुम्हीच विचारलंत.”

“अशी आणखी किती आहेत?”

“काय सांगू? गाव होतं तोवर शंका आली की शेजारी विचारायचो. नंतर आईलाच विचारू लागलो, मनातल्या मनात. ती सांगायची.”

“आणि गाव बुडायच्या आधीची?”

“त्यातलीही काही असतील. शब्द जास्त पाठवले की तुमचं उत्तर लवकर यायचं, बाई. मी चाळीस वर्षं दुसऱ्यांची पत्रं वाटली. मला कोण लिहिणार होतं?”

“कुठली खरी, कुठली नाही, वेगळी करून द्याल?”

“आता मला सगळीच खरी वाटतात.”

परत आल्यावर सायमीबाईंनी अहवाल लिहिला आणि जानेवारीच्या पत्राची प्रत जोडली. विभागप्रमुखांनी तो दोनदा वाचला. “ही प्रत जोडायलाच हवी होती का?” एवढंच विचारलं. माहितगारांचा पत्रव्यवहार बाईंकडून काढून घेण्यात आला. कार्डं बाद करायचं काम मात्र त्यांच्याकडेच राहिलं, कारण ती कुठल्या खणात आहेत हे त्यांनाच माहीत होतं.

त्याला अकरा दिवस लागले. प्रत्येक कार्डावर लाल शिक्का, मग तळघरातलं खोकं. थरथरीचा खण शेवटी आला. ‘दुसरा शब्द आमच्याकडे नाही’ हे १९५८चं कार्ड खरं होतं. त्याच्याच जोरावर बनावट कार्ड पकडलं गेलं होतं. त्यावरही शिक्का बसला.

मे महिन्यात तावेत्तीचं पत्र आलं. वीस शब्द होते, कुरूबद्दल एक अक्षर नव्हतं. प्रत्येक शब्दाखाली लिहिलं होतं, ‘ऐकलं: नक्की आठवत नाही.’ बाद माहितगाराला उत्तर पाठवायचं नाही, असाही एक नियम होता. इर्माने पाकीट बाईंच्या टेबलावर ठेवलं. बाईंनी ते वाचलं, घडी घातली आणि तळघरातल्या खोक्यात नेऊन ठेवलं.

आणखी दोन पत्रं आली. नंतर एकही नाही.