थांबा सरांचं कुलूप

आमच्या ऑफिसात त्यांचं खरं नाव फक्त पगारपत्रकावर होतं. बाकी सगळ्यांसाठी ते ‘थांबा सर’. कुणी धावतपळत आलं, “सर, बटण चालत नाही, जल्दी बघा,” म्हणालं, की सरांचा हात की-बोर्डवरून उचलला जायचा आणि तोंडातून यायचं, “थांबा.” मग चष्मा पुसणं, मग पाण्याचा घोट. तोवर समोरच्याचा जीव टांगणीला! माझा तर कितीदा तिळपापड झालाय, खोटं कशाला सांगू?

नवीन जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत आम्ही दोघं वेबसाइट सांभाळायचो. सर तीर्थपुरीचे, आधी शाळेत गणित शिकवलेले. संगणकाची पायथन भाषा आणि वेबसाइट बांधायची तिची ती जँगो नावाची चौकट, दोन्ही ते पुस्तकं मागवून स्वतःच शिकले. जालन्यात तेव्हा हे नाव कुणाला माहीत? अकाउंटवाले “सरांचा जंगू” म्हणून चिडवायचे. पण गावोगावचे दुकानदार त्याच जंगूवर मागणी टाकायचे, आणि गोदामातली गाडी सुटायची ती त्यातून निघालेल्या चलानावरच.

मी वडीगोद्रीहून नवी डिग्री घेऊन आलेली, जिभेला हाड नसलेली. कोणताही बदल करायचा म्हटलं की सर म्हणायचे, “ताई, आधी साध्या मराठीत सांगा, आपण काय बदलून राह्यलो. सांगता न्हाई आलं तर हात लावू नका.” मी इंग्रजी शब्दांचा मारा केला की ते खिडकीबाहेर बघत बसायचे. शेवटी झक मारत मराठीत सांगावं लागायचं, आणि सांगता सांगता माझी चूक मलाच दिसायची. अस्सा राग यायचा!

नवीन पान तयार झालं की सर स्वतः चिडलेला दुकानदार व्हायचे. नको तिथे आकडे टाकायचे, एकच बटण पुन्हा पुन्हा दाबायचे, मधेच वायर उपटायचे. “बांधायला काय, हौस पुरते,” ते म्हणायचे, “सांभाळायला माया लागते.” ही माया ऑफिसात कुणालाच दिसत नव्हती. साइट चालू असली की सर दिवसभर करतात तरी काय, असं लोक विचारायचे.

एका हंगामात उगवण चाचणीचा निकाल यायच्या आधीच बियाण्याचा एक लॉट बाहेर गेला आणि काही गावांत उगवलाच नाही. तेव्हा कंपनीच्या मालकांनी, शेठजींनीच फर्मावलं होतं, निकाल आल्याशिवाय चलान निघता कामा नये. सरांनी जंगूत तशी अट घातली. आम्ही तिला कुलूप म्हणायचो. त्या दिवशी चहा पिताना सर म्हणाले, “आमच्या वडिलांचं एकदा उगवलं न्हाई. रोज सकाळी बांधावर जाऊन बोटानं माती उकरून बघायचे. मी लहान व्हतो, पण ते बोट मला अजून दिसतं.”

पुढच्याच जूनमध्ये पेरण्यांची एकदम घाई उडाली. सोयाबीनचा मोठा लॉट गोदामात, गाड्या दारात, आणि चाचणीचा निकाल यायला अजून अवकाश. मार्केटिंगचे मॅनेजर येऊन उभे राहिले. “सर, एक ओळ तर आहे. काढा. दोन मिनिटांचं काम.”

“दोन मिनिटं बी न्हाई लागत,” सर म्हणाले. “म्हणूनच थांबा.”

प्रकरण शेठजींकडे गेलं. सरांच्या दोन मुली औरंगाबादला शिकत होत्या, नोकरी गेली तर काय होईल हे सगळ्यांना ठाऊक होतं. शेठजी म्हणाले, “सॉफ्टवेअर माझं का तुमचं?”

“तुमचंच, शेठजी. हा पासवर्ड घ्या. कोणाकडूनही काढून घ्या. माझ्या हातानं न्हाई व्हायचं.”

शेठजींनी माझ्याकडे पाहिलं. “मला त्यातलं काही येत नाही,” मी धडधडीत ठोकून दिलं.

मग मॅनेजरांनी पुण्यातल्या आपल्या भाच्याला फोन केला. भाचा दुसऱ्याच संगणकभाषेतला. त्यानं तिथूनच अटीची वरची ओळ उडवली आणि तिच्या पोटातल्या, आत सरकवलेल्या ओळी तशाच ठेवल्या. पायथनला हे चालत नाही, ओळीआधीची मोकळी जागासुद्धा त्याच्या हिशेबी असते. सगळी साइटच आडवी झाली! चाचणीत पास झालेल्या मालाचंही चलान निघेना. दुकानदारांचे फोन थांबेनात.

सर उठले. त्या दिवशी ते ‘थांबा’ म्हणाले नाहीत. कोडची जुनी प्रत परत चढवली. साइट उभी राहिली, आणि तिच्यासोबत कुलूपही. पुन्हा हात लावायची कुणाची छाती झाली नाही. निकाल येईपर्यंत गाड्या तशाच उभ्या राहिल्या आणि बऱ्याच दुकानदारांनी दुसऱ्या कंपनीचा माल उचलला.

निकाल आला. लॉट पास. अगदी उत्तम पास. मॅनेजर भर ऑफिसात हसले, “बघा, उगाच अडवलं!” संध्याकाळी शेठजींनी सरांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. कुलूप मात्र त्यांनी काढायला लावलं नाही, ते अजूनही आहे.

मी सरांसोबत स्टँडपर्यंत गेले. ते चक्क खुशीत होते. “पास झालं, ताई! लई बरं झालं.”

माझा संयमच सुटला. “नोकरी गेली तुमची! नापास झालं असतं तर याच लोकांनी तुमचा सत्कार केला असता. आणि तुम्ही हसताय?”

सरांनी हात वर केला. “थांबा.” चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला. डोळे ओले होते. “माझं बराबर ठरावं म्हणून बियाणं मरावं, असं मागायचं का मी?”

एस.टी. आली. ते चढले, खिडकीशी बसले. गाडी हलली तेव्हा मी भर स्टँडवर रडत होते, आणि ते आतून हातानंच सांगत होते, जा, जा, साइटकडे बघा.