सरळ धरा

२०२५ साल. माझा धाकटा भाऊ बबन गेला तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचा होता. त्यातली शेवटची सहा वर्षं त्याने कुरुळीच्या आमच्या घरात, गादीखाली लांब फळी टाकलेल्या खाटेवर काढली, आणि मी त्याच्या उशाला.

कंपनीतल्या पोरांना भाड्याने दिलेल्या आमच्या खोल्यांचा सिमेंटचा पत्रा बदलताना तो वरून खाली पडला. शुद्धीवर होता. "दादा, हलवू नको. पाय कुठं गेलं, कळंना..." मी म्हणालो, "गप ए, गडी हायस का कोण?" खांद्यावर टाकला, रिक्षात बसवला, खड्ड्याखड्ड्यांतून दवाखान्यात नेला. डॉक्टर म्हणाले, "आजोबा, मणका मोडलेल्या माणसाला फळीवर सरळ आणायचं असतं." मी तडकलो, "आमच्याकडं जित्या माणसाला आडवं नेत न्हाईत!" मग हळूच विचारलं, पडल्यामुळं पाय गेले का मी उचलल्यामुळं? म्हणाले, "ते आता सांगता येणार नाही."

त्या उत्तरात मी अडकलो तो अडकलोच. कमरेखाली बबनला ना हात लावलेला कळायचा, ना लघवी लागलेली. दर चार तासांनी नळी घालायची, दोन तासांनी कूस बदलायची, टाचा तपासायच्या. सुनेला हात लावू दिला नाही, सगळं मीच. मी साबणाने हात घासत बसलो की तो हसायचा, "दादा, तुला कंपनीत क्वालिटीला घेत्याल बघ." पण त्या रिक्षाचा विषय त्याने सहा वर्षांत एकदाही काढला नाही. काढला असता तर मी भांडलो असतो, मोकळा झालो असतो. आपणहून 'चुकलो' म्हणायला माझी जीभ वळली नाही...

शेवटी लघवीतला जंतू रक्तात गेला. तिरडीवर ठेवायला पोरांनी त्याला बगलेत आणि पायांना धरून उचलला, कंबर खाली गेली आणि मी ओरडलो, "सरळ धरा! कंबर वाकवू नका!" सगळे थबकले. एक पाहुणा हळूच म्हणाला, "आता काय फरक पडतोय, दादा?"

दुसऱ्या दिवशी सकाळी गादीखालची फळी मी अंगणात आणली. पहिल्या शिफ्टला निघालेल्या चार भाडेकरूंना थांबवलं. म्हणालो, "बबनला मी खांद्यावर टाकून नेला. ते चुकलं." सून दारातून "मामंजी, हे काय..." म्हणेपर्यंत मी जमिनीवर आडवा झालो.

"आता मला फळीवर घ्या, शिकून ठेवा. कंबर वाकली तर पुन्हा."