चुलीचे दगड आणि भाऊजींचा झुला

लग्नाच्या चुलींना दगड कमी पडले म्हणून मी एक अख्खा पूल पाडला आहे. नातवंडांना ही गोष्ट फार आवडते. आजीचा येडेपणा ऐकायला कोणाला नको असतो? मीही ती रंगवून सांगत आले. पण गेल्या महिन्यात पुतण्या गोंदियाहून आला, वहाणा न काढताच दारात उभा राहिला आणि म्हणाला, "मोठी आई, बाबा गेले..." तेव्हापासून ती गोष्ट मला हसत सांगता येत नाही.

त्याचे बाबा, गणपतभाऊजी, माझे धाकटे दीर. सासूबाईंच्या अस्थी घेऊन गंगेवर गेले आणि तिथल्या डोंगरातला लोखंडी झुला, तारांवर लटकणारा पूल, डोक्यात घेऊन परतले. आमच्या गावापुढं नाला. पावसाळ्यात धानाची रोपं लावणाऱ्या, रोवणीच्या बाया डोंग्यातून, लाकडी होडक्यातून, पलीकडच्या धानाच्या बांध्यांत जायच्या, जीव मुठीत धरून. सागाचं खोड आडवं टाकलं की मधोमध वाकायचं आणि पुरात जायचं. रेल्वेच्या पुलासारखे पात्रात खांब उभे करावे, तर तळाला नुसता गाळ. कमान बांधावी, तर ती दोन्ही काठांना बाहेर रेटते, आणि आमचे काठ भुसभुशीत. "मंग लटकवू," भाऊजी म्हणाले.

मला समजवायला त्यांनी अंगणातली कपडे वाळवायची दोरी सोडली. दोन बांबूंच्या बेचक्यांवरून टाकून तिचं एक टोक नणंदेच्या हाती दिलं, एक माझ्या. मधल्या झोळात धानाचं सूप टांगलं. "वहिनी, वजन दोरीवर येते. दोरी बांबूले खाली दाबते, अन् तुमाले आत ओढते. लोकायले बांबूच दिसते, पर खरी धरून राहते ते जमीन. तुमी जमीन हाव. सोडू नोका."

"मी जमीन, तं भात कोण रांधीन जी?" असं म्हणून मी दोरी सोडली. सूप उलटं, धान अंगणभर. नणंद लोळून हसली. आपण फार मोठा विनोद केला, असं मला वाटलं... तेव्हा मला बऱ्याच गोष्टी वाटायच्या.

त्यांनी झुला बांधला. भंगारातली तारदोर, सागाचे खांब, वर चालायला बांबूचा ताट्या. गावचे जमीनदार, मालगुजार, यांनी शब्द दिला होता, नणंदेच्या लग्नाचं वऱ्हाड ह्यावरून नीट उतरलं, तर नदीवर मोठा झुला बांधायला सागवान देऊ. भाऊजींचं जेवणखाण उडालं होतं. मी मात्र चुलींच्या काळजीत. मांडवात पंगती मोठ्या, दगड अपुरे. झुल्याच्या खांबांना मी हातही लावला नाही, हो! तेवढी अक्कल होती. पण खांबांच्या बरंच मागं, कोणाच्याच कामाचा नसल्यासारखा, दगडांचा एक ढीग पडला होता. त्याखाली तारेची टोकं पुरलेली. मी गड्यांना म्हटलं, "उचला."

लग्नाच्या दिवशी वऱ्हाड झुल्यावर चढलं. वाजंत्री पुढं, मागोमाग मालगुजार. मधोमध आले, आणि आमच्या काठचा खांब हळूच आत कलला. पूल तुटला नाही, नुसता खाली बसला, म्हैस बसते तसा. वैशाखातला आटलेला नाला, इजा कोणाला नाही. ढोलवाला ढोलासकट चिखलात, मालगुजार गुडघाभर. सगळं गाव हसलं. सर्वांत मोठ्यानं मी. धोतर पिळत मालगुजार म्हणाले, "झुला लेकरायले ठीक हाय, गणपत."

सागवान आलं नाही. भाऊजी गोंदियाला धानाच्या गिरणीत मुनीम झाले आणि पुन्हा कधी पुलाचं नाव काढलं नाही. रोवणीच्या बाया अजून डोंग्यातूनच जातात. पाऊस लागला की मी दारात उभी राहून त्या पलीकडे पोचेपर्यंत पाहत असते.

घरी आले की मात्र भाऊजी आधी अंगणात जायचे. वाळवणाच्या दोरीची बांबूमागची खुंटी हातानं ओढून पाहायचे, पक्की आहे ना... आणि मगच पाणी मागायचे. आता रोज सकाळी मी ती ओढून पाहते. सुना म्हणतात, म्हातारी चळली.

त्यांनी मला कधी दोष दिला नाही. फक्त त्या दिवशी, पंगती उठल्यावर, ते चुलीपाशी उकिडवे बसले. काळ्या पडलेल्या दगडांवरून हात फिरवला आणि वर न बघता विचारलं, "काऊन जी वहिनी, जमिनीनंच हात सोडला?"