उंदीरमामांचा टॉवेल

प्रयोगशाळेत त्यांना सगळे उंदीरमामा म्हणत. पिंजरे धुवायचे, दाणा घालायचा आणि विसरण्याचा आजार जडवलेले उंदीर पोहायला सोडायचे, हे त्यांचं काम. गोल हौदात पांढरट पाणी, पाण्याखाली न दिसणारी एक फळी. भिंतीवरच्या खुणा बघून उंदरानं फळीची जागा लक्षात ठेवायची. माणसानं मात्र पडद्यामागे राहायचं, असा नियम. आता नियम म्हणजे नियम, पण मामांना कुठलं राहवतंय! ओलं जनावर कुडकुडतं म्हणून ते फळीच्याच बाजूला टॉवेल पसरून उभे राहत. रोज, त्याच जागी.

यंदाच्या औषधानं उंदीर चार दिवसांत सरळ फळी गाठायला लागले. औषध न दिलेले उंदीर दुसऱ्या पाळीतल्या गड्याकडे होते, ते बिचारे नुसते गरागरा फिरत. प्रयोग चालवणाऱ्या डॉक्टरीणबाई हरखल्या. मामांचे तर पाय जमिनीवर ठरेनात. घरी बायकोला हाच आजार. परवा स्वयंपाकघर सापडेना म्हणून ती जिन्यात बसून राहिली होती. "अगं, येतंय तुझं औषध," ते तिला रोज सांगत.

मग मामांचा पाय मुरगळला. एक दिवस ते हौदाच्या पलीकडे, दाराजवळ खुर्ची टाकून बसले. उंदीर सोडला, तर पठ्ठ्या फळी सोडून थेट त्यांच्याकडे! दुसराही तसाच, तिसराही. फळी एकालाही आठवत नव्हती, सगळे टॉवेलवाल्याला ओळखत होते.

गप्प बसणं सोपं होतं. कोण बघायला येतंय? पण दोन दिवस घास गोड लागेना. तिसऱ्या दिवशी बाईंच्या टेबलापाशी जाऊन त्यांनी सगळं ओकून टाकलं.

बाईंनी नोंदींची वही मिटली. मग म्हणाल्या, "मामा, सहा महिन्यांची मेहनत वाया घालवलीत."

"घालवली, बाई. पण खोटं औषध तिला कोणत्या तोंडानं पाजू?"

मामांना पडद्यामागे बसवून पुन्हा चाचणी झाली. औषध घेतलेले उंदीरही गरागरा फिरले.

घरी जाताना काय सांगायचं ते मामा वाटभर घोकत गेले. बायको खिडकीशी बसली होती. तिच्याजवळ टेकून ते म्हणाले, "औषध फसलं गं."

"कुणाचं?"

"उंदरांचं," ते म्हणाले.

"अरेरे." ती त्यांचा हात कुरवाळत राहिली. "अहो, त्यांच्या घरचे आता काय करतील?"